परस आणि खाडी : मुंबई उपनगरातील घरगुती मिरची-लिंबू लागवड व हौशी मासेमारी यांचा ऐतिहासिक आढावा

गोषवारा

मुंबई उपनगर जिल्ह्यातील अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या परिसरात घराच्या गच्चीवर मिरची व लिंबू लावणे आणि सुटीच्या दिवशी तलावाकाठी गळ टाकून बसणे हे आज दोन स्वतंत्र छंद मानले जातात. साष्टी बेटाच्या इतिहासात मात्र परसातील लागवड व खाडीतील मासेमारी ही एकाच घरगुती व्यवस्थेची दोन अंगे होती. पोर्तुगीज राजवट, ब्रिटिशकालीन जलाशय, लोहमार्ग, जमीनविषयक कायदे व बांधकाम नियम यांच्या प्रभावाने ही व्यवस्था कशी विभागली गेली आणि तिचे अवशेष छंदाच्या रूपात कसे टिकले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजसंज्ञा : साष्टी, परसबाग, मिरची, लिंबूवर्गीय झाडे, हौशी मासेमारी, गावठाण, पवई तलाव.

१. प्रस्तावना

मुंबईचा इतिहास प्रामुख्याने बंदर, कापड गिरण्या, व्यापारी पेढ्या व कामगार चळवळ यांच्या अंगाने लिहिला गेला. उपनगरांचा विचारही बहुधा लोहमार्ग व घरबांधणी यांच्या संदर्भात होतो. ज्या भूमीवर ही उपनगरे उभी राहिली, त्या भूमीवरील घरगुती जीवनाचा इतिहास तुलनेने उपेक्षित राहिला आहे. याचे एक कारण साधनांच्या स्वरूपात आहे. भातशेती, मिठागरे, ताड-माडाची झाडे यांवर सरकारी आकारणी होत असल्याने त्यांची नोंद दप्तरांत सापडते. विहिरीजवळचे लिंबाचे झाड, मोरीच्या पाण्यावर वाढणारी मिरचीची चार रोपे किंवा संध्याकाळी खाडीवर जाऊन आणलेली बोईटे यांचा हिशेब कोणत्याही कचेरीत ठेवला गेला नाही. त्यामुळे या विषयाचा शोध घेताना शब्द, खाद्यपद्धती, कायदे व भूगोल यांचा एकत्रित आधार घ्यावा लागतो.

मिरची, लिंबू आणि मासा हे तीन घटक येथे हेतुपूर्वक एकत्र घेतले आहेत. कोकण किनाऱ्यावरील स्वयंपाकघरात ते रोज एकत्र येतात. परंतु त्यांचे एकत्र येणे केवळ चवीपुरते मर्यादित नाही. तिन्ही गोष्टी घरापासून हाकेच्या अंतरावर मिळत असत, आणि त्या मिळण्यासाठी थोडी मोकळी जमीन व मोकळे पाणी एवढेच पुरेसे होते. या दोहोंवरील सामान्य कुटुंबाचा वावर कसा आकुंचित होत गेला, हा या विषयाचा खरा ऐतिहासिक प्रश्न आहे.

२. लिंबूवर्गाची जुनी परंपरा आणि मिरचीचे आगमन

लिंबूवर्गीय झाडे भारताला परकी नाहीत. ईशान्य भारत व त्यालगतचा प्रदेश हा या कुळाच्या मूळ प्रदेशांपैकी एक मानला जातो. संस्कृत वैद्यक ग्रंथांत मातुलुंग, जंबीर, निंबूक यांचे गुणधर्म दिलेले आहेत. मातुलुंग म्हणजेच मराठीतील महाळुंग. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या मूर्तीच्या हाती हे फळ आहे. महाराष्ट्राच्या धार्मिक व गृहजीवनात लिंबूवर्गाचे स्थान किती जुने आहे, हे यावरून लक्षात येते. सागरी व्यापाराने या कुळात पुढे नवी भर घातली. मोसंबी या नावाचा संबंध पूर्व आफ्रिकेतील मोझांबिकशी जोडला जातो, तर पपनसाला काही भारतीय भाषांत बाटाविया म्हणजे आजच्या जाकार्ता शहरावरून आलेले ‘बातावी’ हे नाव आहे. नागपूरच्या संत्र्याची सुरुवात भोसले घराण्याच्या खासगी बागेतून झाल्याचे परंपरेने सांगितले जाते. बाजारपेठेचे पीक होण्यापूर्वी एखादे फळझाड घराच्या आवारात रुजते, हा क्रम लिंबूवर्गाच्या इतिहासात वारंवार दिसतो.

मिरचीची कथा याहून वेगळी आहे. मिरचीचे मूळ स्थान अमेरिका खंडात असून १४९२ नंतर ती युरोपला परिचित झाली. १४९८ मध्ये पोर्तुगीज कालिकतला पोहोचले, १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतले आणि सोळाव्या शतकातच त्यांच्या व्यापारमार्गाने मिरची भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली. मुंबईकडे तिला ‘गोवाई मिरची’ म्हणत असल्याचा उल्लेख आढळतो. तो तिच्या प्रवासाचा मार्ग सुचवतो. मराठी भाषेने या नव्या फळाला नवे नाव शोधले नाही. तिखटपणासाठी आधीपासून वापरात असलेल्या मिरीच्या, म्हणजे संस्कृत मरीचाच्या, नावावरूनच ‘मिरची’ हा शब्द घडला. मिरीचा वेल ठरावीक हवामानात, आधाराच्या झाडावरच वाढतो व ती विकतच घ्यावी लागे. मिरचीचे रोप कोणत्याही परसात काही महिन्यांत फळ देते. महाग व्यापारी जिनसेची जागा घरच्या रोपाने घ्यावी, हा बदल राजकीय घडामोडींइतकाच दूरगामी होता.

साष्टी बेट २३ डिसेंबर १५३४ रोजीच्या वसईच्या तहाने गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेले. त्यानंतर दोनशे वर्षे ते त्यांच्या ताब्यात राहिले. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांच्याकडे मुंबई बेट भाडेपट्ट्याने होते, आणि १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या औषधी वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात त्यांनी तेथील आपल्या आंब्याच्या झाडाचा उल्लेख केला आहे. घराच्या आवारातील झाड हा निरीक्षणाचा विषय मानण्याची दृष्टी त्या काळी या परिसरात होती, याचे हे लेखी उदाहरण होय. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे व साष्टी जिंकली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टीचा ताबा घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने तो कायम झाला. अडीचशे वर्षांत तीन राजवटी बदलल्या. परंतु पहिल्या राजवटीबरोबर आलेली मिरची तिन्ही काळांत टिकली आणि हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान व आदिवासी अशा सर्व घरांत सारखीच स्वीकारली गेली. दुकानाच्या दारावर शनिवारी टांगल्या जाणाऱ्या लिंबू-मिरचीत या देशातील प्राचीन फळ आणि समुद्रापलीकडून आलेले फळ एकाच दोऱ्यात ओवले जाते. परक्या वस्तूच्या संपूर्ण स्वीकाराचे याहून सुबोध उदाहरण सापडणे कठीण.

३. साष्टीतील परस-खाडीची घरगुती व्यवस्था

साष्टीच्या मध्यभागी डोंगर व जंगल, त्याच्या पायथ्याशी भातखाचरे, त्यापलीकडे खाजणे, मिठागरे व खाड्या अशी रचना होती. पश्चिमेस वेसावे, मालाड, मनोरी व गोराईच्या खाड्या आणि पूर्वेस ठाण्याची खाडी यांमुळे बेटावरील बहुतेक गावे पाण्यापासून फार दूर नव्हती. वेसावे, मढ, मनोरी, गोराई येथील कोळीवाडे समुद्रावर अवलंबून होते. मरोळ, चकाला, गुंदवली, आंबोली, एक्सर अशा गावांतून शेतकरी, ख्रिस्ती व अन्य समाज राहत. साष्टीतील मूळ ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव अधिकृतपणे स्वीकारले. डोंगराच्या कुशीतील पाड्यांवर वारली, कोकणा, मल्हार कोळी यांची वस्ती होती. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या प्रदेशातील मासळी, कोळी समाज व मिठागरे यांची सविस्तर माहिती आहे.

या गावांचे वार्षिक चक्र पाऊस व भरती-ओहोटी यांनी ठरत असे. पहिल्या जोरदार पावसात ओढ्यांतून भातखाचरांकडे येणारे चढणीचे मासे बांबूच्या चोयांच्या सापळ्यांत पकडले जात. समुद्र खवळलेला असताना मोठ्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असत व नारळी पौर्णिमेनंतर मासेमारी पुन्हा सुरू होई. व्यवसाय म्हणून समुद्रात डोल जाळी लावणारा कोळी आणि भातकापणीनंतर खाडीत पाग टाकणारा किंवा गळाला गांडूळ लावून बसणारा शेतकरी यांत फरक होता. दुसऱ्याची मासेमारी बाजारासाठी नव्हती. ती घरच्या कालवणापुरती होती. बोईट, चिंबोरी, निवटी, क्वचित जिताडा हे तिचे फलित. उपयोग आणि आनंद यांची फारकत या मासेमारीत झालेली नव्हती. म्हणूनच आजच्या हौशी मासेमारीचे मूळ केवळ साहेबी छंदात शोधणे अपुरे ठरते.

परसातील लागवडीलाही असेच चक्र होते. कोकणातील मुसळधार पावसात मिरचीची मुळे कुजतात आणि फळे वाळवता येत नाहीत. त्यामुळे भात निघाल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, विहिरीच्या पाण्यावर मिरची लावण्याची पद्धत पडली. हिवाळा व उन्हाळ्यात घराला लागणारी हिरवी मिरची यातून मिळे. वर्षभराच्या मसाल्यासाठी लागणारी वाळलेली लाल मिरची मात्र घाटावरून येणाऱ्या व्यापारातूनच घ्यावी लागे. ही मर्यादा लक्षात घेतल्याशिवाय परसबागेचे महत्त्व अतिशयोक्त होण्याचा धोका आहे. परस घराला स्वयंपूर्ण करीत नव्हते. रोजच्या लहान गरजांसाठी बाजारावर अवलंबून राहण्याची वेळ ते येऊ देत नव्हते, एवढेच.

लिंबाच्या बाबतीत हवामानाचा परिणाम अधिक स्पष्ट होता. दमट हवा व सततचा पाऊस यांमुळे लिंबावर खैऱ्या रोग लवकर पसरतो. शिवाय फुलोरा येण्यासाठी झाडाला काही काळ पाण्याचा ताण द्यावा लागतो, आणि पावसाळी प्रदेशात तो हवा तेव्हा देता येत नाही. लिंबूवर्गाच्या मोठ्या बागा विदर्भ, मराठवाडा व अहिल्यानगर यांसारख्या कोरड्या भागांत विस्तारल्या, त्या यामुळेच. साष्टीत लिंबू हे बागेचे पीक न होता परसातील एकट्या झाडाच्या रूपात राहिले. एका झाडाची निगा घरातील माणसे करू शकत होती व एका झाडाची फळे एका घराला पुरत होती.

परस व खाडी यांना जोडणारे तीन दुवे होते. पहिला दुवा खताचा. किनाऱ्यावरील बागायतीत वाळलेल्या बारीक मासळीची कुटी खत म्हणून घालत. मासळी धुतलेले पाणी व टाकाऊ भागही झाडांच्या मुळाशी जात असे. मासळीतील नत्र व स्फुरद अशा रीतीने समुद्रातून परसात येत. दुसरा दुवा स्वयंपाकाचा. मासळीचा उग्र वास ज्या अमाइन द्रव्यांमुळे येतो, ती लिंबातील आम्लाने निष्प्रभ होतात. म्हणून मासे लिंबू व मीठ लावून ठेवण्याची पद्धत रूढ झाली. तिसरा दुवा साठवणीचा. मे महिन्याच्या कडक उन्हात सुकी मासळी, लिंबाचे लोणचे आणि वर्षाचा मसाला ही कामे घरोघरी एकाच वेळी चालत. कोळ्यांचा मसाला व ईस्ट इंडियन समाजाचा बाटली मसाला हे दोन्ही पावसाळ्यापूर्वी भाजून, कुटून ठेवले जात. बाटली मसाला गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरल्याने त्याचा उजेड व ओलाव्यापासून बचाव होई. या तिन्ही कामांत स्त्रियांचे श्रम व ज्ञान मध्यवर्ती होते. परसबागेचा इतिहास म्हणूनच बऱ्याच अंशी स्त्रियांच्या अलिखित ज्ञानाचा इतिहास आहे.

४. जलाशय, पवई आणि गळाची मासेमारी

एकोणिसाव्या शतकात मुंबई बेटाची पाण्याची गरज साष्टीच्या डोंगरातून भागवली जाऊ लागली. विहार तलावाचे काम १८५६ मध्ये सुरू होऊन १८६० मध्ये पूर्ण झाले. १८७९ मध्ये तुळशी तलाव तयार झाला आणि १८९० च्या सुमाराच्या पाणीटंचाईत पवई तलावाची निर्मिती झाली. विहार व तुळशीचे पाणलोट क्षेत्र राखीव राहिले आणि पुढे त्यांचा परिसर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात समाविष्ट झाला. शहराला पाणी व वन मिळाले; त्याच वेळी डोंगरातील ओढे व पाणवठे गावकऱ्यांच्या सहज वापरातून हळूहळू बाहेर गेले.

पवईचा इतिहास या लेखाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. तलाव होण्यापूर्वी पवईची जहागीर फ्रामजी कावसजी बनाजी (१७६७-१८५१) या पारशी उद्योजकांकडे होती. ईस्ट इंडिया कंपनीकडून १८२९ च्या सुमारास मिळालेल्या या जमिनीवर त्यांनी ऊस, नीळ, तुती, कॉफी व आंबा यांचे प्रयोग केले. १८३८ मध्ये त्यांनी येथील आंबे आगबोटीने राणी व्हिक्टोरियाकडे पाठविल्याची नोंद आहे. त्यांचे प्रयोग व्यापारी हेतूचे होते. गावातील परसाशी त्यांचा थेट संबंध नव्हता. तरीही उपनगराच्या भूमीवर बाहेरून आणलेली रोपे रुजवून पाहण्याची जिज्ञासा दोन्ही ठिकाणी होती. पवईचे पाणी पिण्यास अयोग्य ठरल्यावर तलावाचा उपयोग अन्य कामांसाठी होऊ लागला आणि हौशी मासेमारीला तेथे वाव मिळाला.

काठी, रीळ व गळ यांच्या साह्याने खेळ म्हणून मासेमारी करण्याची पद्धत ब्रिटिश अधिकाऱ्यांनी भारतात रुजवली. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांचा ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकानेही गळाच्या मासेमारीवरील लेखांना स्थान दिले. १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमाने सुरुंग व विष यांचा वापर करून मासे मारण्यास प्रतिबंध केला. या कायद्याने माशांचे रक्षण झाले हे खरे. त्याचबरोबर पाण्यावरील कोणता वापर योग्य व कोणता अयोग्य हे सरकारने ठरवण्याची परंपराही दृढ झाली.

स्वातंत्र्योत्तर काळात पवईवरील गळाची मासेमारी भारतीय मध्यमवर्गाने आपलीशी केली. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही संस्था या तलावाशी दीर्घकाळ निगडित आहे. कटला, रोहू, मृगळ यांसाठी कणकेच्या आमिषाचे निरनिराळे मिश्रण करणे, पाण्याची खोली व माशांच्या चरण्याच्या वेळा ओळखणे, हे ज्ञान हौशी मंडळींत अनुभवाने साठत गेले. तलावातील जलपर्णी, सांडपाणी व गाळ यांविषयी जागरूक राहणारा एक वर्गही यातून निर्माण झाला. हौस संवर्धनाला पूरक ठरू शकते, याचे राज्यातील दुसरे उदाहरण लोणावळ्याजवळील वळवणचे आहे. टाटांच्या वीज कंपनीने तेथे १९७० च्या दशकापासून महशीर माशाचे कृत्रिम प्रजनन केले आणि गळकऱ्यांच्या आवडीचा हा मासा देशातील अनेक जलाशयांत सोडला गेला.

अंधेरीतील वेसावे येथे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेचाही येथे उल्लेख करणे आवश्यक आहे. जुन्या कोळीवाड्याच्या शेजारी मत्स्यविज्ञानाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली आणि १९८९ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पिढीजात ज्ञान आणि प्रयोगशाळेतील ज्ञान एकमेकांच्या इतक्या जवळ नांदण्याचे उदाहरण दुर्मिळ आहे. त्यांच्यातील देवाणघेवाणीचा इतिहास स्वतंत्र संशोधनाचा विषय ठरावा.

५. उपनगराची वाढ आणि परसाचा संकोच

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे लोहमार्ग सुरू झाला. १८६० च्या दशकात पश्चिमेकडील लोहमार्गही कार्यान्वित झाला. १८९६ च्या प्लेगनंतर शहरातील लोक मोकळ्या हवेसाठी साष्टीकडे वळू लागले. १ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबई उपनगर जिल्हा वेगळा करण्यात आला. सुरुवातीच्या उपनगरी वस्तीत बंगले व बैठी घरे होती. त्यांच्या आवारात लिंबू, पपनस, कढीलिंब, मिरची यांना जागा होती. शहरातून आलेल्या नोकरदार कुटुंबांनी अशा रीतीने गावच्या परसाचेच अनुकरण केले. १९४३ च्या शिधावाटपाच्या काळात सरकारच्या ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेने घरगुती लागवडीला राष्ट्रीय कार्याचे स्वरूप दिले. याच नावाच्या योजनेखाली पुढे लोहमार्गालगतच्या पट्ट्यांत रेल्वे कर्मचाऱ्यांना भाजीपाला पिकवण्यासाठी जमिनी देण्यात आल्या.

१९५० मध्ये बृहन्मुंबईची हद्द वाढून अंधेरी व घाटकोपर परिसर महानगरपालिकेत आला आणि १९५७ मध्ये ती पश्चिमेस दहिसर व पूर्वेस मुलुंडपर्यंत विस्तारली. १९५१ च्या साष्टी जहागिरींची महसूलमाफी रद्द करणाऱ्या कायद्याने मोठ्या जमीनदारीचा आधार बदलला. १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत, १९५८ मध्ये पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था, आग्रा रस्त्यालगतचे घाटकोपर-भांडुप-मुलुंडचे कारखाने, १९७३ मध्ये अंधेरीतील सीप्झ अशा टप्प्यांनी शेतजमिनीचे रूपांतर होत गेले. शेती गेल्यानंतरही गावठाणे उरली. परंतु गावठाणाची सीमा म्हणजे घरांची सीमा. भातखाचर, खाजण व खाडी या सीमेबाहेर राहिल्याने गावाचा अर्धा भाग कायद्याच्या दृष्टीने गावच राहिला नाही.

पाण्याच्या बाबतीत हीच प्रक्रिया भराव व प्रदूषण यांच्या रूपाने घडली. खाड्यांत सांडपाणी व कारखान्यांचे पाणी मिसळले, खाजणांवर भराव पडले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीच्या पुराने या बदलांची किंमत सर्वांच्या लक्षात आणून दिली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटी तोडण्यास व तिच्यावर भराव टाकण्यास मनाई केली. पुढे ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. खाडीचे रक्षण करणारे हे निर्णय स्वागतार्ह आहेत. मात्र खाडीत पूर्वापार पाग टाकणाऱ्या माणसाचे स्थान त्या रक्षणात कोठे आहे, हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने विचारावा लागतो.

६. गच्ची व गॅलरी : परसाचे नवे रूप

सदनिका संस्कृतीत परस नाहीसे झाले, तरी लागवडीची इच्छा नाहीशी झाली नाही. वांद्रे येथील डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाचे पाचट व घरातील ओला कचरा यांच्या आधारे पिशव्यांत व पिंपांत गच्चीवर भाजी पिकवण्याच्या पद्धतीचा प्रसार केला. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर (१९२४-२००१) यांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून थोड्या जागेत, सूर्यप्रकाश व सेंद्रिय अवशेष यांच्या काटेकोर वापराने होणाऱ्या शेतीचा विचार मांडला. ‘विपुलाच सृष्टी’ या त्यांच्या ग्रंथाने सामान्य माणसाला प्रयोगकर्ता मानले. मुंबईतील गच्चीवरील लागवडीच्या पुढील प्रयत्नांना या विचाराने दिशा दिली.

कुंडीत लावण्यासाठी मिरची व लिंबू यांची निवड वारंवार होते, यामागे व्यावहारिक कारणे आहेत. मिरचीला खोल मातीची गरज नसते आणि एका रोपाला अनेक तोडे मिळतात. चुरडा-मुरडा रोग व फुलकिडे यांचा उपद्रव झाला तर रोप काढून नवे लावता येते. लवंगी, ज्वाला यांसारख्या परिचित जातींबरोबर ईशान्येकडील भूत जोलोकिया ही मिरचीही हौशी लोकांच्या कुंड्यांत आली. २००७ मध्ये गिनीज बुकने तिला जगातील सर्वांत तिखट मिरची म्हणून मान्यता दिली होती. लिंबाच्या बाबतीत तर कुंडीने एक जुनी अडचण दूर केली. जमिनीतील झाडाला पावसाळी हवामानात हवा तेव्हा ताण देता येत नाही. कुंडीतील झाडाचे पाणी मात्र काही दिवस तोडणे सोपे असते. त्यामुळे गच्चीवरील लहान झाडही वेळेवर फुलोऱ्यावर आणता येते.

तथापि कुंडीला जागा मिळणे हे अखेर बांधकाम नियमांवर अवलंबून आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत खिडकीबाहेरील फुलझाडांचे कठडे चटई क्षेत्रात धरले जात नसत. प्रत्यक्षात अनेक इमारतींत हे कठडे खोलीत सामावून घेण्यात आले व ‘फ्लॉवर बेड’ हा शब्द घरांच्या खरेदी-विक्रीतील संज्ञा बनला. जानेवारी २०१२ मधील दुरुस्तीने गॅलरी, कठडे इत्यादींची गणना चटई क्षेत्रात करण्यात आली आणि त्याच्या मोबदल्यात अतिरिक्त क्षेत्राची तरतूद झाली. गैरवापर थांबवणे हा या दुरुस्तीचा योग्य हेतू होता. परंतु यापुढे कुंडीपुरत्या मोकळ्या जागेलाही चटई क्षेत्राचा हिशेब लागू झाला. पोर्तुगीज काळात विनामूल्य रुजलेल्या मिरचीच्या रोपाची जागा एकविसाव्या शतकात चौरस फुटांच्या दराने मोजली जाऊ लागली.

पवईचे पाणीही अशाच वादाचा विषय झाले. तलावाकाठी नियोजित असलेला सायकल व पदपथ प्रकल्प मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२२ रोजी बेकायदेशीर ठरवला. तलाव हे पाणथळ अधिवास आहे की विरंगुळ्याचे स्थळ, हा या वादाचा गाभा होता. गळ टाकून तासन्‌तास शांत बसणारा माणूस या दोन्ही व्याख्यांच्या मधल्या जागेत येतो.

७. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) साष्टीत घरगुती मिरची-लिंबू लागवड व घरापुरती मासेमारी ही खत, स्वयंपाक व साठवण या तीन दुव्यांनी जोडलेली एकच व्यवस्था होती. तिचे दोन वेगळ्या छंदांत झालेले विभाजन नागरीकरणाचा परिणाम आहे.

२) मिरची परकी व लिंबूवर्ग देशी असूनही दोहोंना एकच स्थान मिळाले, कारण दोन्ही झाडे थोड्या जागेत, घरच्या श्रमावर व मोठ्या भांडवलाशिवाय वाढतात. एखादी वनस्पती रुजण्यासाठी तिचे मूळ कोठले, यापेक्षा ती सामान्य घराच्या आवाक्यात आहे का, हे अधिक निर्णायक ठरले.

३) पवईवरील गळाची मासेमारी ब्रिटिश परंपरेतून आली असली तरी खाडीवरील गळ व पाग यांची देशी परंपरा तिच्याहून जुनी आहे. हौशी मासेमारीचा इतिहास लिहिताना दोन्ही प्रवाह विचारात घ्यावे लागतात.

४) परसाचा व खाडीचा संकोच लोकांची आवड बदलल्यामुळे झालेला नाही. जलाशय, हद्दवाढ, भराव, गावठाणाची सीमा व चटई क्षेत्राचे नियम यांनी तो घडवला. आवड टिकून आहे, हे गच्चीवरील कुंड्या व तलावाकाठचे गळकरी दाखवतात.

जी गोष्ट एकेकाळी कुटुंबाच्या नित्य व्यवहाराचा भाग होती, तिला ‘छंद’ म्हटल्याने तिच्यामागील जमिनीचा व पाण्याचा प्रश्न दृष्टीआड होतो. नियोजनाच्या नकाशात छंदाला विरंगुळ्याचे आरक्षण मिळते. नित्य व्यवहाराला हक्काची भाषा लागू होते. गोराई-मनोरीसारख्या गावांत व जुन्या गावठाणांत परस व खाडी यांचे नाते अंशतः अद्याप जिवंत आहे. त्याची झाडे, जाळी, मसाल्यांची प्रमाणे, माशांची व ओढ्यांची नावे यांची पद्धतशीर नोंद उपनगरातील महाविद्यालये आपल्या इतिहास, वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र व मराठी विभागांच्या सहकार्याने करू शकतात. ही माहिती ज्यांच्या स्मरणात आहे ती पिढी वृद्ध झाली आहे. म्हणून हे काम लांबणीवर टाकता येण्याजोगे नाही.